नेव्हाडाच्या वाळवंटी चराऊ प्रदेशाचा नकाशा कसा वाचावा आणि त्यातले झरे कसे पारखावेत

अमेरिकेच्या नेव्हाडा राज्यात टोनोपा आणि ईली ही दोन गावे सहा क्रमांकाच्या महामार्गाने जोडलेली आहेत. त्यांच्यातले अंतर अडीचशे किलोमीटरहून अधिक आहे आणि एवढ्या पट्ट्यात वस्ती म्हणावी अशी ठिकाणे हाताच्या बोटांवर मोजता येतील. या रस्त्याच्या पूर्वेकडच्या अर्ध्या भागातली रेलरोड व्हॅली हे उत्तर-दक्षिण पसरलेले, चहूबाजूंनी बंद असलेले मोठे खोरे आहे. त्याच्या पूर्वेला ग्रँट पर्वतरांग, पश्चिमेला पॅनकेक रांग आणि तळाशी पांढुरका, सपाट, कोरडा तलाव आहे. या खोऱ्यात पडलेला पाण्याचा थेंब कोणत्याही समुद्रापर्यंत पोहोचत नाही. येथे गुरे पाळणाऱ्यांची रँचघरे जिथे जिथे उभी राहिली, तिथे तिथे आधी झरा होता. म्हणूनच या प्रदेशाचा स्थलनिर्देशक नकाशा वाचणे म्हणजे मुख्यतः त्यातले पाणी वाचणे होय.

कॅलिफोर्निया, युटा किंवा ॲरिझोनात राहणारे आणि सुटीत अशा मुलखात जाणारे मराठी भटके, तसेच भूगोल व भूविज्ञानाचे विद्यार्थी, यांच्यासाठी हा लेख आहे. त्यातले प्रमुख सांगणे असे की, नकाशावरचे झऱ्याचे चिन्ह हे आजच्या पाण्याचे आश्वासन नसून कोणत्या तरी एका वर्षी कोणीतरी केलेली नोंद आहे. त्या नोंदीवर किती विसंबावे, हे त्याच नकाशावरच्या इतर खुणा एकमेकींशी ताडून बऱ्याच प्रमाणात ठरवता येते. ते कसे करावे, हे पुढे क्रमाने दिले आहे.

पहिली पायरी: एकाच जागेचे जुने आणि नवे नकाशे मिळवावेत

अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेची, म्हणजे यूएसजीएसची स्थापना 1879 मध्ये झाली. तिचे जुने-नवे जवळजवळ सर्व स्थलनिर्देशक नकाशे ‘टोपोव्ह्यू’ या तिच्या संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येतात. आपल्याला मुख्यतः साडेसात मिनिटांच्या, म्हणजे अक्षांश-रेखांशाचा तेवढा भाग दाखवणाऱ्या, मालिकेतली नकाशापत्रके हवी असतात. त्यांचे प्रमाण 1:24,000 असते, म्हणजे नकाशावरचा एक इंच जमिनीवरच्या 2,000 फुटांइतका आणि जमिनीवरचा एक किलोमीटर नकाशावर सुमारे 4.2 सेंटिमीटर भरतो. रेलरोड व्हॅलीच्या अक्षांशावर असे एक पत्रक उत्तर-दक्षिण सुमारे 14 आणि पूर्व-पश्चिम सुमारे 11 किलोमीटर भाग दाखवते. त्यामुळे एका खोऱ्यासाठीसुद्धा अनेक पत्रके शेजारी शेजारी जोडावी लागतात. भारतीय सर्वेक्षण विभागाची 1:50,000 प्रमाणाची टोपोशीट वाचण्याची ज्यांना सवय आहे, त्यांना येथे दुपटीहून अधिक तपशील मिळेल.

या मालिकेतले हाताने केलेले नकाशे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले आहेत. त्यांच्याआधीचे 1:62,500 प्रमाणाचे पंधरा मिनिटांचे नकाशेही पाहावेत. 2009 पासून ‘यूएस टोपो’ या नावाने संगणकीय माहितीसाठ्यांतून तयार होणारे नवे नकाशे निघतात. पुष्कळ जण फक्त हे सर्वांत नवे पत्रक उतरवून घेतात, आणि झऱ्यांच्या कामासाठी ते अपुरे पडते. नव्या पत्रकांत रस्ते आणि नावे अद्ययावत असतात व हवाई छायाचित्राचा थर सोबत मिळतो. पण पवनचक्क्या, पाण्याच्या टाक्या, गुरांचे वाडे, नळवाहिन्या, कुंपणे अशा रँचच्या कामाच्या बारीक खुणा त्यांतून बहुतांशी गळाल्या आहेत. शिवाय त्यांच्यातली झऱ्यांची माहिती बऱ्याच अंशी जुन्या नकाशांवरूनच उचललेली असते. म्हणजे पत्रकावर छापलेले वर्ष नवे असले, तरी झऱ्याची नोंद पन्नास-साठ वर्षांपूर्वीची असू शकते.

दुसरी पायरी: समास आधी वाचावा

नकाशाच्या मध्यभागाकडे वळण्यापूर्वी खालच्या समासातला मजकूर सावकाश वाचावा आणि चार गोष्टी वहीत उतरवून घ्याव्यात.

पहिली गोष्ट वर्षांची. हवाई छायाचित्रे कोणत्या वर्षीची, प्रत्यक्ष जागेवर पडताळणी कोणत्या वर्षी झाली आणि नकाशा छापला कधी, ही तीन वर्षे बहुधा वेगवेगळी असतात. झऱ्यासाठी महत्त्वाचे वर्ष पडताळणीचे, कारण झरा हवाई छायाचित्रात अनेकदा दिसत नाही. कोणीतरी तिथे जाऊन किंवा स्थानिकांना विचारून तो नोंदवावा लागतो. काही पत्रकांवर जांभळ्या रंगात केलेल्या सुधारणा दिसतात. त्या केवळ छायाचित्रांवरून केलेल्या असून जागेवर तपासलेल्या नाहीत, असे तिथेच लिहिलेले असते.

दुसरी गोष्ट समोच्चरेषांच्या अंतराची. डोंगराळ पत्रकांवर ते बहुधा 40 फूट, म्हणजे सुमारे 12 मीटर असते, तर खोऱ्याच्या सपाट तळाच्या पत्रकांवर 20 किंवा 10 फूटही असते. शेजारची दोन पत्रके जोडताना हे अंतर बदलत असेल, तर उताराचा अंदाज पूर्ण चुकतो. सपाटीवर तुटक किंवा ठिपक्यांच्या पूरक रेषा दिल्या असतील, तर त्या विशेष लक्षपूर्वक पाहाव्यात.

तिसरी गोष्ट चुंबकीय दिक्पाताची, म्हणजे होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांच्यातल्या कोनाची. या भागातल्या 1960च्या दशकातल्या पत्रकांवर तो सुमारे 16 ते 17 अंश पूर्व असा छापलेला आढळतो. आज तो 12 अंशांच्या आसपास आला आहे. जुन्या आकड्यावर होकायंत्र लावून दहा किलोमीटर चालले, तर चार अंशांच्या फरकाने माणूस सुमारे 700 मीटर बाजूला जातो. एवढ्या अंतरावरून घळीतला लहानसा झरा दिसणारही नाही.

चौथी गोष्ट संदर्भमानाची (डेटम), म्हणजे अक्षांश-रेखांश ज्या पायाभूत मोजणीवरून धरले जातात तिची. जुनी पत्रके 1927च्या उत्तर अमेरिकी संदर्भमानावर, तर नवी 1983च्या संदर्भमानावर आधारलेली आहेत. जुन्या पत्रकावरून वाचलेले युटीएम आकडे, म्हणजे मीटरमध्ये स्थान सांगणाऱ्या चौकटीतले आकडे, तसेच जीपीएसमध्ये भरले, तर पश्चिमेकडच्या राज्यांत उत्तर-दक्षिण दिशेने सुमारे 200 मीटरची चूक होते. जीपीएस यंत्रात संदर्भमान बदलण्याची सोय असते. ती आधी वापरावी, मगच आकडे भरावेत. नेव्हाडाचा जवळजवळ सगळा भाग युटीएमच्या अकराव्या पट्ट्यात येतो.

तिसरी पायरी: भूमीचे तीन पट्टे वेगळे करावेत

आता पेन्सिलीने खोऱ्याचा आडवा छेद मनाशी मांडावा. सर्वांत वर समोच्चरेषा दाट असलेला डोंगर येतो. ग्रँट रांगेची उंची 11,000 फुटांच्या वर जाते आणि तिथे हिवाळ्यात बर्फ साठतो. त्याखाली घळींच्या तोंडाशी गाळाची पंखाकृती मैदाने सुरू होतात; त्यांवरच्या समोच्चरेषा उताराच्या दिशेने फुगलेल्या कमानींसारख्या आणि बऱ्यापैकी समान अंतरावर दिसतात. सर्वांत खाली कोरडा तलाव असतो. तिथे रेषा जवळजवळ नाहीशा होतात आणि तपकिरी ठिपके किंवा निळ्या तिरप्या रेघा येतात.

सह्याद्रीत टोपोशीट घेऊन हिंडलेल्या वाचकांना सोंड, घळ, धार आणि खिंड ओळखणे शिकवावे लागणार नाही. तीच दृष्टी येथेही चालते. फरक पाण्याच्या वागण्यात आहे. सह्याद्रीत ओढा खाली उतरावा तसा मोठा होत जातो. येथे डोंगरातून बाहेर पडलेला ओढा पंखाकृती मैदानावरच्या जाड वाळूगोट्यांत मुरून जातो, आणि नकाशावरची निळी रेषा मध्येच संपते. ही रेषा कुठे संपते, याकडे आवर्जून लक्ष द्यावे. अखंड निळी रेषा म्हणजे बारमाही प्रवाह, आणि एक रेघ व तीन ठिपके अशी तुटक निळी रेषा म्हणजे हंगामी प्रवाह. ज्या झऱ्यापासून अखंड रेषा निघून अर्ध्या-एक मैलावर संपते, तो झरा नोंदीच्या काळी जोरकस होता असे मानता येते. ज्याच्या खाली केवळ तुटक रेषा आहे किंवा काहीच नाही, तिथे पाझरापलीकडे फारशी अपेक्षा धरू नये.

चौथी पायरी: प्रत्येक झरा पारखावा

झऱ्याचे चिन्ह म्हणजे लहान निळे वर्तुळ आणि त्याला जोडलेली नागमोडी शेपटी. नुसते निळे वर्तुळ म्हणजे विहीर. सर्व पत्रकांवरचे झरे शोधून एक तक्ता करावा. त्यात झऱ्याचे नाव, समोच्चरेषांवरून काढलेली उंची, तिन्ही पट्ट्यांपैकी कोणता पट्टा, खालच्या प्रवाहाचा प्रकार, आणि तो झरा जुन्या व नव्या दोन्ही पत्रकांवर आहे की नाही, एवढे लिहावे. हा तक्ता पुरा झाला की नुसत्या नकाशावरून पुष्कळ गोष्टी उलगडू लागतात.

आधी उंची पाहाव्यात. एकाच डोंगराच्या लागोपाठच्या तीन-चार घळींतले झरे जवळजवळ एकाच उंचीवर असतील, तर तिथे पाणी मुरू देणाऱ्या खडकाखाली पाणी अडवणारा थर आला असावा, असा तर्क करता येतो. उंची वेगवेगळ्या असूनही सगळे झरे एका सरळ ओळीत, विशेषतः डोंगराच्या पायथ्याशी असतील, तर ती ओळ बहुधा प्रस्तरभंगाची, म्हणजे जिच्यावर खडक सरकले आहेत अशा भेगेची असते. नेव्हाडातले डोंगर आणि खोरी मुळात अशाच भंगांवर वरखाली सरकून बनली आहेत, त्यामुळे पायथ्याची अशी ओळ अनेक पत्रकांवर सापडते. या ओळीत नकाशावर न नोंदलेला एखादा झरा असण्याची शक्यताही असते. दोन झऱ्यांच्या मधोमध एखादी पायवाट अकारण वळून घळीत शिरत असेल, तर ती जागा तक्त्यात प्रश्नचिन्हासह लिहावी.

त्यानंतर पट्टा पाहावा. उंच डोंगरातले झरे त्याच डोंगरावरच्या बर्फावर जगतात. मे-जूनमध्ये ते भरात असतात आणि सलग दोन कोरडे हिवाळे गेले, तर त्यांतले पुष्कळ आटतात. खोऱ्याच्या तळालगतच्या कोमट झऱ्यांचे गणित निराळे आहे. पूर्व नेव्हाडात चुनखडीचे फार जाड थर आहेत आणि त्यांच्या भेगांतून पाणी डोंगरांच्या खालून, एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात, दीर्घ काळ वाहत राहते. खोलवर तापून ते वर येते, म्हणून ते कोमट असते, आणि एखाद्या वर्षाच्या पाऊसपाण्याचा त्यावर फारसा परिणाम होत नाही. रेलरोड व्हॅलीतील लॉक्स येथील झरे आणि उत्तरेकडच्या डकवॉटरचे बिग वॉर्म व लिटल वॉर्म हे झरे याच जातीचे आहेत. या कोमट पाण्यात राहणारा रेलरोड व्हॅली स्प्रिंगफिश हा इवलासा मासा नैसर्गिकरीत्या जगात अन्यत्र कोठेही नाही. 1986 मध्ये त्याची नोंद धोक्यात असलेल्या प्रजातींत झाली. चोहोबाजूंनी वाळवंट असताना मासा हजारो वर्षे टिकतो, याहून त्या पाण्याच्या सातत्याचा भक्कम पुरावा दुसरा कोणता हवा! अशा झऱ्यांच्या पाण्यातली चुनखडी साचून कधी कधी त्याभोवती उंचवटा तयार होतो. पश्चिमेकडच्या मॉनिटर व्हॅलीतला डायनाज पंच बोल हा उष्ण झरा तर अशाच एका घुमटाच्या माथ्यावर, खोल खड्ड्याच्या तळाशी आहे. म्हणून सपाट भागात एखादी एकटी, बंद, गोलसर समोच्चरेषा आणि तिच्यात झऱ्याचे चिन्ह दिसले, तर पाणी खोलवरून आलेले असण्याचा संभव धरावा.

नावेही उपयोगी पडतात, पण त्यांवर अति विसंबू नये. ‘अल्कली’, ‘बिटर’, ‘पॉयझन’ अशी नावे पूर्वीच्या लोकांनी चव घेऊन किंवा गुरे गमावून दिलेली असतात. ती गांभीर्यानेच घ्यावीत. उलट ‘कोल्ड’, ‘स्वीट’, ‘विलो’ अशी नावे आजच्या पाण्याची हमी देत नाहीत.

शेवटी हवाई छायाचित्रे घ्यावीत आणि तीही जुलै-ऑगस्टमधली. या दिवसांत सेजब्रशची झुडपे करडी पडतात, आणि जिथे मुळे भूजलापर्यंत पोहोचतात तिथेच गडद हिरवा ठिपका उरतो. गूगल अर्थमध्ये वेगवेगळ्या वर्षांची चित्रे पाहता येतात. त्यांतले दुष्काळी वर्ष निवडून झऱ्याच्या जागी हिरवळ टिकली आहे का, ते पाहावे. कॉटनवूडची चार-दोन मोठी झाडे दिसली, तर पाणी अनेक दशके हाताशी आहे असे समजावे. ग्रीसवूडच्या झुडपांची मुळे मात्र फार खोल जातात, त्यामुळे केवळ ती आहेत एवढ्यावरून पृष्ठभागावर पाणी असेल असे धरू नये.

पाचवी पायरी: गुरांच्या आणि माणसांच्या खुणा जुळवाव्यात

मोकळ्या कुरणातली गुरे सपाटीवर पाण्यापासून साधारण दोन मैलांपर्यंत आणि खडकाळ चढावर अर्ध्या मैलापर्यंतच चरतात. त्यामुळे त्यांच्या वाटा पाणवठ्याकडे सर्व दिशांनी एकवटतात. नकाशावर कच्च्या रस्त्यांच्या तुटक रेषा आणि छायाचित्रांत बारीक पांढऱ्या पायवाटा एकाच बिंदूवर मिळत असतील, तर तिथे पाणी आहे किंवा होते. जुन्या पत्रकावर त्याच जागी गुरांचा वाडा, टाकी किंवा पवनचक्की दाखवलेली असेल, तर खात्री आणखी वाढते.

एक बाब येथे ध्यानात ठेवावी. पुष्कळ झऱ्यांचे पाणी उगमाशीच पेटीत बंद करून नळीने मैलभर खाली, डोणीत किंवा टाकीत नेलेले असते. अशा वेळी नकाशावरच्या चिन्हापाशी ओलसर माती एवढेच सापडते आणि प्रत्यक्ष पाणी उताराच्या खाली असते. शिवाय हंगाम संपल्यावर रँचवाले झडप बंद करून डोणी रिकामी ठेवू शकतात, म्हणून टाकी दिसली म्हणजे पाणी मिळालेच, असे मानू नये.

सहावी पायरी: जमिनीची चौकट आणि मालकी पाहावी

पत्रकावरच्या लाल रेषांची चौकट 1785च्या जमीन कायद्यापासून चालत आलेल्या मोजणीची आहे. सहा मैल बाजूच्या चौरसाला टाउनशिप म्हणतात. त्याचे एक चौरस मैलाचे, म्हणजे 640 एकरांचे 36 सेक्शन होतात. क्रमांक ईशान्य कोपऱ्यातून सुरू होऊन ओळीओळीने उलटसुलट फिरत आग्नेय कोपऱ्यात संपतात. नेव्हाडातली मोजणी कॅलिफोर्नियातल्या माउंट डायब्लो शिखरावरून जाणाऱ्या मूळ रेषांपासून आहे; त्यांच्यापासून उत्तर-दक्षिण मोजलेल्या ओळीला टाउनशिप आणि पूर्व-पश्चिम मोजलेल्या स्तंभाला रेंज असा क्रमांक देतात. झऱ्याचा पत्ता ‘टाउनशिप 8 उत्तर, रेंज 55 पूर्व, सेक्शन 15’ अशा रीतीने लिहिला, की पाणीहक्काच्या आणि जमिनीच्या सरकारी नोंदी थेट शोधता येतात. मूळ मोजणीदारांचे आराखडे भूव्यवस्थापन विभागाच्या, म्हणजे बीएलएमच्या संकेतस्थळावर आहेत आणि त्यांत मोजणीच्या रेषेवर लागलेले झरे-ओढेही नोंदलेले असतात. झऱ्याची सर्वांत जुनी लेखी नोंद अनेकदा तिथेच मिळते.

नेव्हाडाची सुमारे 80 टक्के जमीन संघराज्य सरकारची आहे. बीएलएमच्या 1:100,000 प्रमाणाच्या मालकी-नकाशावर त्यांची स्वतःची जमीन पिवळी, वनखात्याची हिरवी आणि खासगी जमीन पांढरी असते. पिवळ्या पसाऱ्यात चाळीस-ऐंशी एकरांचा एकटा पांढरा चौकोन दिसला, की त्यात बहुधा झरा असतो. कोरड्या मुलखात ज्याच्या हाती पाण्याभोवतीचे चाळीस एकर, त्याच्याच हाती भोवतालचे मैलोन्मैल कुरण, हे येथे आलेल्या पहिल्या पशुपालकांना पुरते ठाऊक होते. ही मक्तेदारी रोखण्यासाठी 17 एप्रिल 1926 रोजी राष्ट्राध्यक्ष कूलिज यांच्या आदेशाने सार्वजनिक जलराखीव क्रमांक 107 निर्माण झाले आणि तोवर कोणाच्या नावावर न गेलेल्या सार्वजनिक जमिनीवरचे झरे व पाणवठे राखून ठेवले गेले. पांढऱ्या चौकोनातला झरा मात्र खासगी जमिनीवर असतो, म्हणून तिथे परवानगीशिवाय जाऊ नये. डकवॉटरचे झरे शोशोनी जमातीच्या राखीव प्रदेशाशी निगडित आहेत. तेथे जमातीच्या कार्यालयाची परवानगी आधी घ्यावी.

सातवी पायरी: प्रत्यक्ष जाताना

तक्त्यातल्या झऱ्यांचे तीन गट करावेत: सर्व खुणा जुळणारे, काही जुळणारे, आणि केवळ चिन्ह असलेले. पण प्रवासाचे पाणी ठरवताना तिन्ही गट शून्य धरावेत आणि येण्याजाण्याला पुरेल एवढे पाणी गाडीतूनच न्यावे. येथे मोबाइलला संपर्क नसणे हीच नेहमीची स्थिती आहे, म्हणून कागदी पत्रके सोबत असावीत आणि कोणत्या पत्रकावर, कोणत्या वाटेने, कधीपर्यंत परतणार, हे घरी कोणाला तरी लिहून द्यावे.

झऱ्याचे पाणी स्वच्छ दिसले तरी तसेच पिऊ नये. गुरांमुळे होणारा जंतुदोष गाळून आणि उकळून दूर करता येतो. परंतु आर्सेनिक, फ्लोराइड आणि क्षार यांपैकी काहीही उकळल्याने जात नाही. कोमट झऱ्यात हात घालण्यापूर्वी तापमापीने तापमान पाहावे. वाटेतले फाटक उघडे असेल तर उघडे आणि बंद असेल तर बंदच ठेवावे. गुरांना किंवा वन्यप्राण्यांना पाण्यापर्यंत येता येणार नाही अशा रीतीने पाणवठ्यापासून शंभर यार्डांच्या आत मुक्काम करणे नेव्हाडाच्या कायद्याने निषिद्ध आहे. कायदा नसता तरी ते पाळावेच, कारण त्या प्राण्यांना पुढचा पाणवठा कित्येक मैलांवर असतो.

आठवी पायरी: नोंद करावी

झरा गाठल्यावर दिनांक, संदर्भमानासह अक्षांश-रेखांश, पाण्याचे तापमान, झाडोरा, पेटी-नळी-डोणीची स्थिती आणि चारही दिशांची छायाचित्रे घ्यावीत. प्रवाह मोजण्यासाठी पाच लिटरची बादली आणि घड्याळ पुरते. बादली 80 सेकंदांत भरली, तर प्रवाह मिनिटाला सुमारे एक गॅलन, म्हणजे दिवसाला सुमारे 5,400 लिटर झाला. एका गाईला उन्हाळ्यात रोज साधारण 60 लिटर पाणी धरले, तर एवढ्याशा धारेवर, साठवणीची टाकी असेल तर, 90 गुरे निभावतात. पाणी नसेल, तर ‘कोरडा’ असे स्पष्ट लिहावे आणि माती ओली होती का, तेही लिहावे; न सापडलेल्या पाण्याची नोंद तितकीच मोलाची असते. शक्य असल्यास त्याच झऱ्याचे मोजमाप जूनमध्ये एकदा आणि सप्टेंबरअखेर पुन्हा करावे. वितळलेल्या बर्फाचा प्रभाव तोवर बराचसा ओसरलेला असतो, त्यामुळे पुढच्या वर्षीचा तक्ता करताना सप्टेंबरचा आकडाच आधार धरावा.